नाकपुडीवरची गाठ काढल्यावर: कानामागचा ग्राफ्ट की कपाळाचा फ्लॅप?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. त्यांच्या डाव्या नाकपुडीवर वर्षभर एक फोड होता. खपली धरायची, पडायची, थोडं रक्त यायचं. बायॉप्सीत ‘बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा एक कॅन्सर), इन्फिल्ट्रेटिव्ह प्रकार’ असं आलं. मोह्स पद्धतीने गाठ काढायचं ठरलं आहे. त्यानंतर कानामागची त्वचा लावायची (ग्राफ्ट) की कपाळाची त्वचा देठासकट नाकावर वळवायची (फ्लॅप), ते खड्डा बघून ठरवू, असं सर्जन म्हणतात. फ्लॅपचा देठ तीन आठवडे नाकावर राहतो म्हणे. बाबा म्हणतात, “तीन आठवडे नाकावर सोंड घेऊन मी बसणार नाही. कानामागची कातडी लावा आणि एकदाच काय ते उरका. ही नवी खुळं नकोत.” त्यांना तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे, अ‍ॅस्पिरिन चालू आहे, चष्मा आहे आणि दिवसाला सात-आठ सिगारेटी होतात. गोळी बंद करायची का? बाबांचं ऐकायचं का?

उत्तर : ताई, आधी गोळीचं बघू. अ‍ॅस्पिरिन बंद करू नका. ऑपरेशनची तारीख मिळाली की “आठ दिवस आधी रक्त पातळ करणारी गोळी थांबवा” असं सांगणारं कोणीतरी घरात भेटतंच. स्टेंट असलेल्या माणसाने हृदयरोगतज्ज्ञाला न विचारता ती थांबवली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. त्यापुढे नाकाच्या जखमेतून थोडं जास्त रक्त येणं काहीच नाही; ते दाब देऊन आणि रक्तवाहिनी जाळून आटोक्यात येतं. त्वचेच्या शस्त्रक्रियेत डॉक्टरांनी लिहून दिलेली अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल सहसा चालूच ठेवतात. वॉरफरीन (रक्त पातळ करणारी आणखी एक गोळी) असेल तर ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यातला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा रिपोर्ट, पाहतात. थांबवायच्या असतात त्या स्वतःच्या मनाने घेतलेल्या गोष्टी: फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, जिन्को, लसणाच्या कॅप्सूल, अंग दुखलं की घेतलेली आयबुप्रोफेन. रुग्ण यांना औषध समजत नाहीत, म्हणून कोणी विचारल्यावर सांगतही नाहीत. सगळ्याची यादी कागदावर लिहून सर्जनला दाखवा.

आता बाबांचं. एकदाच उरकावं असं वाटण्यात काही चूक नाही. पण खड्डा किती मोठा, किती खोल आणि नाकपुडीच्या कडेपासून किती दूर, हे कळण्याआधी तो कशाने झाकायचा ते ठरवता येत नाही. त्यांच्या बायॉप्सीतला ‘इन्फिल्ट्रेटिव्ह’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. या प्रकारात कॅन्सरच्या पेशी, वरून दिसणाऱ्या गाठीच्या बाहेर, त्वचेखाली बारीक धाग्यांसारख्या सरकलेल्या असतात. वरून अर्ध्या सेंटिमीटरचा दिसणारा फोड काढता काढता खड्डा दोन सेंटिमीटरचा होऊ शकतो. सर्जन आधी शब्द देत नाहीत, याचं कारण हेच आहे. जो सर्जन तपासणीच्या टेबलावरच “ग्राफ्टने होऊन जाईल” असं छातीठोक सांगतो, त्याच्यापेक्षा तुमचे सर्जन बरे.

मोह्स पद्धतीत दिसणारी गाठ काढल्यावर पातळ बशीसारखा एक थर काढतात, त्याच्या कडा रंगाने खुणावतात, तो गोठवून त्याचे काप करतात आणि खालची बाजू व सगळा परीघ सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जिथे पेशी सापडतील तेवढ्याच भागातून पुढचा थर घेतात. नेहमीच्या पद्धतीत काढलेल्या तुकड्याचे ठरावीक अंतरावर उभे काप घेतले जातात. त्यात कडेचा जेमतेम एक-दोन टक्के भाग प्रत्यक्ष पाहिला जातो. धाग्यांसारखा पसरलेला कॅन्सर दोन कापांच्या मधून निसटू शकतो. मोह्सच्या प्रत्येक फेरीला तासभर किंवा त्याहून जास्त जातो आणि त्यातला बहुतेक वेळ प्रयोगशाळेचा असतो. दोन-तीन फेऱ्या झाल्या म्हणून घाबरू नका. पण पूर्ण दिवस मोकळा ठेवा, बाबांना पोटभर खाऊन जाऊ द्या (भूल फक्त त्या जागेपुरती असेल तर), त्यांच्या रोजच्या गोळ्या बरोबर घ्या आणि घरी आणायला कोणीतरी असू द्या.

यातून एक नियम निघतो आणि तो बाकी कशाहीपेक्षा महत्त्वाचा आहे: कडा स्वच्छ असल्याचं कळल्याशिवाय फ्लॅप फिरवायचा नाही. फ्लॅप म्हणजे शेजारची त्वचा हलवून आणणं. खाली चार पेशी राहिल्या असतील तर त्या जाड त्वचेखाली गाडल्या जातात, आणि पुन्हा वाढल्या तरी बराच काळ दिसत नाहीत. शिवाय मूळ जागेची भूमितीच बदलते, मग दुसऱ्यांदा कुठून काढायचं तेही कळत नाही. मोह्सची सोय नसेल तिथे गाठ काढून, जखम ओलसर ड्रेसिंगखाली ठेवून, पक्का रिपोर्ट येईपर्यंत काही दिवस थांबतात आणि मग झाकतात. उघडी जखम घेऊन घरी जाणं विचित्र वाटतं, पण नीट झाकलेली स्वच्छ जखम काही दिवस थांबू शकते. पुनर्रचनेला घाई नसते.

खड्डा लहान, एक सेंटिमीटरच्या आतला, उथळ आणि नाकपुडी व गाल यांच्यामधल्या खोलगट घडीत पडला, तर काहीच न लावता तो आपोआप भरू देतात. तीन ते सहा आठवडे लागतात आणि अशा खोलगट जागी व्रण छान बसतो. नाकाच्या शेंड्याजवळचा, कडेपासून निदान अर्धा सेंटिमीटर दूर असलेला आणि दीड सेंटिमीटरपर्यंतचा खड्डा शेजारच्याच त्वचेचा दोन पाकळ्यांचा फ्लॅप फिरवून एका बैठकीत बंद होतो. असं निघालं तर बाबांची इच्छा पूर्ण होईल आणि पुढचं बरंचसं वाचायची गरज उरणार नाही.

अडचण आहे ती नाकपुडीच्या कडेची. ही कड मोकळी आहे, तिला खालून कशाचाही आधार नाही. आणि भरणारी प्रत्येक जखम आक्रसते. कडेजवळची जखम आक्रसली की नाकपुडी वर ओढली जाते, एका बाजूला खाच दिसते. कधी श्वास घेताना ती भिंत आत चिकटते आणि हवा अडते. माणसं दिसण्याची काळजी करतात, पण नंतर त्रास देते ती बहुधा ही अडलेली हवा.

कानामागच्या किंवा कानापुढच्या त्वचेचा ग्राफ्ट ही पूर्ण जाडीची, पण रक्तपुरवठा तोडून आणलेली त्वचा असते. पहिले दोन दिवस ती खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगते. मग तळातल्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यातल्या वाहिन्यांना जोडल्या जातात आणि आठवड्याभरात रक्त वाहू लागतं. या काळात ग्राफ्ट तळाला घट्ट टेकलेला असावा लागतो, म्हणून त्यावर कापसाची किंवा गॉजची गादी टाक्यांनी बांधून पाच-सात दिवस ठेवतात. खाली रक्त साचलं, ग्राफ्ट हलला किंवा तळ नुसत्या उघड्या कूर्चेचा (मऊ, लवचिक हाडाचा) असला, तर तो जगत नाही. नाकाच्या खालच्या भागाची त्वचा जाड आणि तेलकट, कानामागची पातळ आणि गुळगुळीत. त्यामुळे ग्राफ्ट उत्तम जगला तरी बऱ्याचदा ठिगळ लावल्यासारखा दिसतो. शिवाय तोही आक्रसतो. उथळ खड्डा, कड शाबूत आणि एका बैठकीला जास्त महत्त्व देणारा रुग्ण, अशा वेळी ग्राफ्ट योग्य आहे. दीड-दोन सेंटिमीटरचा, खोल आणि कडेला भिडलेला खड्डा असेल, तर ग्राफ्टचा आग्रह धरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तीन आठवडे वाचतात, पण ओढलेली नाकपुडी पुढे कायमची सोबत राहते. ती नंतर दुरुस्त करायला शेवटी फ्लॅपच लागतो, तोही व्रण पडलेल्या जागेत.

कपाळाचा फ्लॅप बाबा समजतात तसा नवा नाही. पुण्याजवळ झालेल्या अशा शस्त्रक्रियेचं वर्णन १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आलं. त्यावरून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये इंग्लंडमध्ये ती करून पाहिली. आजही नाकाच्या मोठ्या खड्ड्यांसाठी हीच पहिली निवड असते. कारण सरळ आहे: कपाळाची त्वचा रंगाने आणि पोताने नाकाच्या सर्वांत जवळची असते, आणि ती स्वतःची रक्तवाहिनी घेऊन येते. भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणारी एक धमनी देठात ठेवून, सुमारे सव्वा ते दीड सेंटिमीटर रुंदीच्या देठावर कपाळाचा तुकडा उचलतात, खाली वळवतात आणि नाकावर शिवतात. देठ हीच काय ती बाबांची सोंड. तीन आठवड्यांत फ्लॅप नाकाच्या तळाशी स्वतःचा रक्तपुरवठा जोडतो, मग देठ कापतात. दुसरं ऑपरेशन लहान असतं, तेवढ्या जागेला भूल देऊन साधारण तासाभरात होतं. देठ नाळेसारखाच: आधी तोडला तर पलीकडचं जगत नाही.

कडेला आधार म्हणून बहुधा कानाच्या भोकाजवळच्या खोलगट भागातून कूर्चेची पट्टी घेतात, दोन-तीन सेंटिमीटर लांब, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास रुंद. नाकपुडीच्या त्या भागात मुळात कूर्चा नसते, तरीही ती घालतात, कारण आक्रसण्याच्या ओढीला तीच तोंड देते. सर्जनला हा प्रश्न जरूर विचारा: “कडेला कूर्चा घालणार आहात का?” नाही म्हणाले तर का नाही, तेही विचारा. खड्डा आरपार असेल तर आतलं अस्तरही बनवावं लागतं. मग बेत मोठा होतो आणि कधी तीन टप्पे लागतात. आणखी एक बाब अनेकांना खटकते: नाकपुडीचा अर्ध्याहून जास्त भाग गेला असेल, तर सर्जन उरलेली चांगली त्वचाही काढून पूर्ण नाकपुडी एकसंध बदलू शकतात. टाक्यांची रेषा नैसर्गिक घडीत पडली की नजरेला येत नाही, गोलाईच्या मधोमध पडली की येते.

गालाच्या घडीतून देठावर आणलेला फ्लॅप हाही नाकपुडीसाठी चांगला पर्याय आहे. तिथेही सुमारे तीन आठवडे देठ राहतो, पण तो चष्म्याच्या आड येत नाही आणि कपाळ शाबूत राहतं. पुरुषांच्या बाबतीत मात्र दाढीचे केस नाकावर येण्याचा धोका असतो. कपाळ अरुंद आणि केसांची रेषा खाली असेल तर कपाळाच्या फ्लॅपमध्येही डोक्याचे काही केस येतात. ते नंतर लेझरने किंवा मुळं जाळून काढतात. दोन्ही पर्याय समोर ठेवा.

सिगारेट. नेमकं इथे बाबांनी ऐकायला हवं. निकोटीनमुळे त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. फ्लॅपचं टोक देठापासून सर्वांत दूर असतं, आणि बरोबर तेच टोक नाकपुडीच्या कडेला बसतं. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये तेच काळं पडतं. ऑपरेशनआधी चार आठवडे बंद करता आलं तर उत्तम, निदान दोन. आणि देठ कापल्यानंतर जखमा भरेपर्यंत पुन्हा सुरू नाही. तंबाखू कोणत्याही रूपात नको. निकोटीनच्या पट्ट्या आणि च्युइंगम सिगारेटपेक्षा बरे, पण त्यातही निकोटीन असतंच, म्हणून सर्जनला विचारूनच. बेसल सेल कार्सिनोमा हळू वाढतो आणि शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो. सिगारेट सोडण्यासाठी तीन-चार आठवडे थांबायला डॉक्टर सहसा तयार होतात. महिनोन्‌महिने मात्र नाही. आणि बाबा लपून ओढत असतील तर तेही सर्जनला कळू द्या. ते कळलं तर फ्लॅप कमी पातळ करणं, मधला एक टप्पा वाढवणं, देठ उशिरा कापणं, असे उपाय हातात राहतात.

देठाचे तीन आठवडे कसे जातात ते आधीच माहीत असलं की निम्मी भीती जाते. पहिले दोन दिवस देठाच्या उघड्या मागच्या बाजूतून रक्त झिरपतं. उशीवर डाग पडतील, हे अपेक्षित आहे. त्या बाजूला पेट्रोलियम जेली लावलेलं गॉज सैलसर गुंडाळलेलं असतं. ते आवळायचं नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, दोन्ही डोळे काळेनिळे होतात, एखादा सकाळी उघडतही नाही. झोपताना डोकं दोन-तीन उशांवर. बर्फ डोळ्यांवर आणि गालावर कापडातून चालेल; फ्लॅपवर आणि ग्राफ्टवर कधीही नाही, थंडीने रक्तवाहिन्या आवळतात. दोन आठवडे खाली वाकणं, जड उचलणं, नाक शिंकरणं बंद. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. झोपेत श्वासासाठी मास्कचं यंत्र वापरत असतील तर ते ऑपरेशनआधीच सांगा, कारण मास्क नेमका फ्लॅपवर दाबतो.

चष्म्याचं काय? देठ भुवईच्या आतल्या टोकापासून नाकाच्या दांड्याजवळून उतरतो आणि चष्म्याची फ्रेम तिथेच टेकते. फ्रेमचा दाब आला की फ्लॅपमधलं रक्त परत जायला अडतं. वाचताना चष्मा हातात धरणं, फ्रेम चिकटपट्टीने कपाळाला टांगून नाकावर टेकू न देणं, किंवा तेवढ्यापुरत्या कॉन्टॅक्ट लेन्स, यातलं काय जमेल ते आधी घरी करून बघा. एका डोळ्याची आतल्या बाजूची नजर देठामुळे थोडी अडते, म्हणून या काळात वाहन चालवू नये.

जखमेची निगा साधी आहे, बिघडते ती जास्त हुशारीने. पहिलं दाबाचं ड्रेसिंग सांगितलेल्या वेळेपर्यंत, साधारण २४ ते ४८ तास, कोरडं ठेवा. मग दिवसातून दोनदा हात धुऊन, टाक्यांची रेषा सलाइनने किंवा सौम्य साबणाच्या पाण्याने ओल्या गॉजने पुसायची, वाळलेलं रक्त भिजवून सोडवायचं, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यायचा आणि न चिकटणारं गॉज. जखमेला ‘हवा लागू द्या’ हा सल्ला ऐकू नका. कोरडी खपली धरली की नवी त्वचा तिच्याखालून सरकायला वेळ लागतो आणि व्रण रुंद होतो. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका, ते नव्या पेशींनाही मारतं. निओमायसिन असलेल्या मलमाची अनेकांना अ‍ॅलर्जी येते; लाली आणि खाज बघून घरचे संसर्ग समजतात आणि तेच मलम आणखी लावतात. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात. कपाळाचा वरचा भाग शिवून जुळला नाही तर मुद्दाम उघडा ठेवतात. तो काही आठवड्यांत आपोआप भरतो आणि बहुधा बराच चांगला भरतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, सांगितलेल्या मात्रेत.

रक्त येऊ लागलं तर स्वच्छ गॉजने घड्याळ लावून सलग २० मिनिटं दाबा. मध्ये उचलून बघायचं नाही, बघितलं की पुन्हा शून्यापासून. दाब रक्त येतं तिथे द्या, देठ मुठीत आवळू नका. एवढं करून थांबलं नाही तर फोन करा.

रंगावर लक्ष ठेवा, रोज एकाच उजेडात एक फोटो काढा. फ्लॅप गुलाबी आणि कोमट असावा. पांढरा आणि गार पडला तर रक्त आत येत नाही. जांभळा, फुगीर आणि ताठ झाला तर आलेलं रक्त बाहेर पडत नाही. दोन्ही वेळा सकाळपर्यंत थांबायचं नाही, कारण काही टाके सोडून किंवा साचलेलं रक्त काढून पहिल्या काही तासांतच तो वाचवता येतो. पहिल्या दोन दिवसांत अचानक एका बाजूला घट्ट फुगवटा आणि वाढती कळ म्हणजे खाली रक्त साचतंय. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढलं, पू आला, ताप आला, तर संसर्ग. जिथून कूर्चा घेतली तो कान लाल होऊन ठणकू लागला तरीही. ग्राफ्टचं गणित वेगळं आहे. तो आधी फिका, मग जांभळट आणि हळूहळू गुलाबी होतो. वरचा थर काळा पडला तरी खालचा जिवंत असू शकतो, तो काळा पापुद्रा सोलू नका.

देठ कापल्यावर नाक लगेच ‘झालं’ असं होत नाही. तीन ते सहा महिने फ्लॅप जाडसर, उशीसारखा फुगलेला दिसतो. मालीश कधी सुरू करायची ते सर्जन सांगतील. गरज पडली तर ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं, सहा-आठ आठवड्यांनंतर कडा घासून सपाट करणं, काहींना आणखी एक लहान दुरुस्ती. टाक्यांच्या वर कपाळ डोक्यापर्यंत बधिर राहतं, महिन्यांनी थोडं परत येतं, पूर्ण येईलच असं नाही. व्रणाचा शेवटचा रंग वर्षभराने कळतो. सावळ्या त्वचेत व्रण काळवंडण्याची शक्यता जास्त असते, म्हणून जखम पूर्ण बंद झाल्यावर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, उन्हात दर दोन तासांनी, आणि रुंद काठाची टोपी. सिलिकॉन जेल दोन-तीन महिने नियमित लावलं तर उपयोग होतो. आठवड्याभराचा उत्साह पुरत नाही.

शस्त्रक्रिया अजिबात झेपत नसेल अशांना रेडिएशन देतात. फक्त देठाला घाबरून तो मार्ग धरू नका. अनेक फेऱ्या लागतात, कडा तपासलेल्या नसतात, आणि रेडिएशन मिळालेल्या त्वचेवर पुढे ऑपरेशन करावं लागलं तर ती नीट भरत नाही.

सर्जनकडे जाताना एवढं विचारा: झाकण्याआधी कडांचा रिपोर्ट हातात असेल ना? एवढ्याच खड्ड्याचे, याच बाजूचे, वर्षभरानंतरचे फोटो दाखवता का? एकूण किती टप्पे धरायचे? रात्री फोन कोणाला करायचा? ऑपरेशननंतर मोह्सचा नकाशा (कुठल्या भागात पेशी सापडल्या त्याचं रेखाचित्र) आणि अहवाल यांची प्रत मागून घ्या. पहिली काही वर्षं दर सहा ते बारा महिन्यांनी फक्त नाक नाही, पूर्ण अंगाची त्वचा तपासून घ्यायची आहे, कारण एकदा हा कॅन्सर झालेल्यांना दुसरीकडे नवा होण्याची शक्यता बरीच असते. व्रणाच्या कडेला मोत्यासारखा चकाकणारा उंचवटा, पुन्हा पुन्हा धरणारी खपली किंवा महिनाभर न भरणारी जखम दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता तो नकाशा घेऊन जा.